तिसरा भाग फार बदलला, चौथा फार जपून राहिला; तरी दोघांना गुण ८१च! ‘एज ऑफ एम्पायर्स’ला समीक्षकांनी नेमके कसे तोलले?

‘एज ऑफ एम्पायर्स’ या गाजलेल्या व्हिडीओ गेम मालिकेचा तिसरा भाग ऑक्टोबर २००५ मध्ये आला आणि चौथा ऑक्टोबर २०२१ मध्ये. मधली सोळा वर्षे मालिकेचा नवा क्रमांक निघालाच नाही. तिसरा भाग आला तेव्हा तक्रार होती, की यात फारच बदल केले. चौथा आला तेव्हा तक्रार होती, की यात पुरेसे बदल केलेच नाहीत. म्हणजे दोन्ही वेळी निर्मात्यांनी अगदी उलट्या वाटा धरल्या. पण जगभरातल्या परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’ या संकेतस्थळावर पाहिले, तर दोन्ही खेळांच्या पीसी आवृत्तीपुढे आकडा एकच दिसतो : १०० पैकी ८१. हा योगायोग असेल. पण त्या निमित्ताने एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. असा खेळ बाजारात येतो तेव्हा समीक्षक नेमके काय मोजतात आणि त्यांच्या मापातून काय निसटते?

हा खेळ असतो तरी कसा?

ज्यांनी तो कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बुद्धिबळात दोघे आळीपाळीने चाल करतात. इथे पाळी नावाची गोष्टच नाही. तुमचे गावकरी लाकूड तोडत असतात, शेती करत असतात, सोने खणत असतात. त्याच क्षणी नकाशाच्या दुसऱ्या टोकाला प्रतिस्पर्ध्याचे गावकरीही तेच करत असतात. पुरेसा साठा झाला की पुढच्या युगात जायचे, नवी शस्त्रे मिळवायची, तटबंदी घालायची आणि मग चाल करून जायचे. तुम्ही विचार करत बसलात, तर समोरचा थांबत नाही. म्हणून या प्रकाराला ‘रिअल-टाइम स्ट्रॅटेजी’ म्हणतात.

पहिला भाग १९९७ मध्ये अमेरिकेतील डॅलसच्या ‘एन्सेम्बल स्टुडिओज’ने बनवला. त्याच्या रचनाकारांपैकी ब्रूस शेली यांनी त्याआधी सिड मायर यांच्यासोबत ‘सिव्हिलायझेशन’ या खेळावर काम केले होते. इतिहासाचे पुस्तक आणि लढाईचा वेग यांची सांगड घालण्याची ती कल्पना लोकांना आवडली. पहिल्या भागाचा मेटाक्रिटिक आकडा ८३.

मग अडचण कुठे सुरू झाली?

दुसऱ्या भागापासून, कारण तो फार चांगला निघाला. १९९९ मध्ये आलेल्या ‘द एज ऑफ किंग्ज’ला ९२ गुण मिळाले. तेरा संस्कृती, मध्ययुगाचा काळ, जोन ऑफ आर्क आणि सलादिन यांच्या मोहिमा, तटाला दरवाजे, सैन्याची व्यूहरचना हे सगळे त्यात होते. शिवाय रिकामा बसलेला गावकरी शोधून देणारे एक साधेसे बटण होते. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण पहिला भाग खेळलेल्यांना विचारा, त्या बटणाने किती मनस्ताप वाचवला! पुढच्या वर्षी ‘द कॉन्करर्स’ हा विस्तार आला आणि संस्कृतींची संख्या अठरा झाली.

आपल्याकडे २००० नंतरच्या काही वर्षांत सायबर कॅफेमध्ये आणि अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत लॅन केबल जोडून जे खेळ रात्ररात्र चालायचे, त्यांत हा एक होता. सीडी कुठून आली, हे विचारायची पद्धत नव्हती.

एखाद्या घरात थोरला मुलगा बोर्डात पहिला आला की धाकट्याच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकाकडे घरचे ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने पुढच्या प्रत्येक भागाकडे पाहिले गेले. तिसऱ्या आणि चौथ्या भागाची परीक्षणे आज वाचली, तर तुलना जवळपास प्रत्येकात सापडते आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्या भागाशीच असते.

तिसऱ्या भागाचे काय बिनसले?

खरे तर एन्सेम्बलने धाडस दाखवले होते. काळ बदलला : मध्ययुग सोडून अमेरिका खंडातील युरोपीय वसाहतींचा काळ घेतला. गावकऱ्यांनी लाकूड किंवा धान्य आणून कोठारात टाकायची मूळची कसरतच काढून टाकली. आता ते जिथे काम करत तिथूनच साठा वाढत जाई. दगड हे साधन रद्द झाले. सर्वांत मोठा बदल म्हणजे ‘होम सिटी’. समुद्रापलीकडे तुमची राजधानी असते, लढता लढता अनुभवाचे गुण जमतात आणि त्या बदल्यात राजधानीहून सैनिक, तोफा किंवा लाकडाच्या गाड्या मागवता येतात. काय मागवता येईल ते आधी निवडून ठेवलेल्या पत्त्यांच्या गड्डीवर ठरते.

दिसायला खेळ देखणा होता. तोफेचा गोळा लागला की जहाजाची डोलकाठी मोडून पडे, इमारतीचे तुकडे उडत, पाण्यावर ऊन चमके. २००५ च्या मानाने ही चैन होती आणि समीक्षकांनी तिचे तोंड भरून कौतुक केले. कुरकुर झाली ती इतर बाबतींत. सैन्याला हव्या त्या रचनेत हलवता येत नाही, लढाई सुरू झाली की गर्दीचा गोंधळ होतो आणि पत्त्यांची गड्डी हा प्रकार काहींना नावीन्य वाटला तर काहींना लुडबूड. ज्याने जास्त सामने खेळून राजधानी वाढवली आहे त्याच्या हाती चांगले पत्ते, मग नव्या खेळाडूने काय करायचे, हा प्रश्नही रास्त होता.

मोहिमेच्या कथेबाबत माझे स्वतःचे मत समीक्षकांपेक्षा जरा कडक आहे. इतका स्फोटक कालखंड हाती असताना निर्मात्यांनी एका काल्पनिक ब्लॅक घराण्याची आणि ‘चिरतारुण्याच्या झऱ्या’ची गोष्ट सांगितली. इतिहासाच्या मालिकेत इतिहासालाच बगल दिली.

तरीही खेळ खपला. मे २००७ पर्यंत २० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. पण एन्सेम्बलला २००१ मध्येच विकत घेतलेल्या मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ जानेवारी २००९ मध्ये बंद केला. चौथा भाग कोण करणार, हा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षे लोंबकळत राहिला.

चौथ्या भागाने इतके जपून का खेळले?

चौथ्या भागाची घोषणा २०१७ च्या गेम्सकॉममध्ये झाली. काम मिळाले कॅनडातील व्हँकूवरच्या ‘रेलिक एंटरटेनमेंट’ला. ‘कंपनी ऑफ हीरोज’ या दुसऱ्या महायुद्धावरील मालिकेमुळे या स्टुडिओचे नाव होते. त्यांच्यासमोर दोन उदाहरणे होती : ९२ वाले आणि ८१ वाले. शिवाय दुसरा भाग मरायला तयार नव्हता. २०१३ मध्ये त्याची एचडी आवृत्ती निघाली, २०१९ मध्ये ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली आणि वीस वर्षे जुना खेळ नव्याने तरुण झाला. तेव्हा रेलिक पुन्हा मध्ययुगात परतली. दगड परत आला, कोठारे परत आली, चार युगे आणि दोनशे लोकसंख्येची मर्यादा हा ओळखीचा साचा परत आला.

इथेच बहुतेक टीका एकवटली. ‘सुरक्षित’ हा शब्द परीक्षणांत वेगवेगळ्या रूपांत पुन:पुन्हा येतो. ग्राफिक्स २०२१ ला शोभत नाहीत, कॅमेरा पुरेसा मागे नेता येत नाही, चित्रशैली मोबाइल गेमसारखी वाटते, अशा तक्रारी झाल्या. यातील शेवटची तक्रार मला अर्धीच पटते. पडद्यावर दोनशे-चारशे सैनिक एकमेकांत घुसले असताना भालाईत कोणता आणि धनुर्धारी कोणता हे डोळ्याला पटकन कळणे महत्त्वाचे असते. त्यासाठी शस्त्रे जरा मोठी आणि रंग जरा भडक ठेवावे लागतात. शिवाय ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही चालेल अशी सोय खेळात होती. भारतातल्या महाविद्यालयीन मुलाला पाण्यावरच्या उन्हापेक्षा याचे मोल अधिक.

पण ‘जपून’ हा शेरा वरवरचा होता, असे आता म्हणता येते. साचा जुना असला तरी त्यात बसवलेल्या आठ सत्ता एकमेकींपासून फार वेगळ्या होत्या. दुसऱ्या भागात बहुतेक संस्कृती एकाच मुशीतून निघाल्यासारख्या आहेत. एखादे खास सैन्य आणि काही सवलती एवढाच फरक. चौथ्या भागातील मंगोलांना घरे बांधावी लागत नाहीत, तट बांधता येत नाहीत आणि त्यांची अख्खी वस्ती उचलून दुसरीकडे नेता येते. चिनी सत्तेत अधिकारी गावभर फिरून कर गोळा करतात आणि एकामागून एक राजघराणी बदलता येतात. दिल्ली सल्तनतीला संशोधनासाठी पैसाच लागत नाही, फक्त वेळ लागतो. मशिदीत विद्वान बसवले की तो वेळ कमी होतो. म्हणजे दिल्लीकडून खेळायचे तर घाई करणारा माणूस आधी संयम शिकतो. रसचा खेळाडू शिकारीवर सोने कमावतो. आठही सत्ता नीट समजून घ्यायच्या तर आठ वेगळे खेळ शिकावे लागतात.

कौतुकाच्या बाजूने दोन गोष्टींवर जवळपास एकमत होते. पहिली, मोहिमांच्या मधले माहितीपट. हेस्टिंग्जच्या १०६६ च्या लढाईपासून सुरुवात होते. आजच्या मैदानांवर, किल्ल्यांवर ड्रोनने चित्रीकरण केलेले आणि त्यावर सोनेरी रेषांनी काढलेले सैन्य चालताना दिसते. दुसरी, आवाज. सैनिक आपापल्या भाषेत बोलतात आणि युग बदलते तशी त्यांची बोलीही बदलत जाते. तिसऱ्या भागाने टाळलेला इतिहास इथे वाजतगाजत परतला.

त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम सिम्युलेशन/स्ट्रॅटेजी खेळाचा पुरस्कार चौथ्या भागालाच मिळाला. स्टीमवर पहिल्या दिवसांत एका वेळी ७० हजारांहून अधिक लोक खेळत होते. त्यात ‘गेम पास’वरून खेळणारे धरलेलेच नाहीत.

मग ८१ हा आकडा चुकीचा आहे का?

चुकीचा नाही, पण तो एका ठरावीक दिवसाचा आहे. मेटाक्रिटिक निवडक प्रकाशनांच्या परीक्षणांची सरासरी काढते. ही सरासरी साधी नसते. काही प्रकाशनांना जास्त वजन असते आणि कुणाला किती, हे जाहीर केले जात नाही. खेळांच्या बाबतीत ७५ ते ८९ म्हणजे ‘साधारणपणे अनुकूल’, ९० आणि पुढे म्हणजे ‘एकमुखी वाहवा’. तिथला महत्त्वाचा नियम असा, की प्रकाशनाने दिलेला पहिला गुणच धरला जातो. खेळ नंतर सुधारला, बिघडला, दुप्पट झाला, तरी तो गुण हलत नाही.

आता हा नियम रिअल-टाइम स्ट्रॅटेजीला लावून पाहा. समीक्षकाला खेळाची प्रत सहसा प्रकाशनाच्या थोडे दिवस आधी मिळते. त्या काळात ऑनलाइन प्रतिस्पर्धी म्हणजे इतर मोजके समीक्षक आणि निर्मात्यांची माणसे. तो मोहीम खेळतो, संगणकाविरुद्ध लढतो, ग्राफिक्स पाहतो आणि लिहितो. कथाप्रधान खेळाला हे पुरेसे असते. तीस तासांत गोष्ट संपते. पण या प्रकारात खरा खेळ सुरू होतो तो हजारो माणसे एकमेकांवर तुटून पडल्यावर. कोणती सत्ता वरचढ आहे, कोणत्या शस्त्राला उतारा नाही, हे तेव्हाच कळते.

चौथ्या भागात तेच झाले. ‘स्प्रिंगल्ड’ नावाचे मोठे बाण फेकणारे यंत्र आहे. मूळ काम शत्रूची वेढ्याची यंत्रे मोडण्याचे. पण सुरुवातीच्या काही महिन्यांत ते इतके प्रभावी होते, की स्प्रिंगल्डला उत्तर फक्त स्प्रिंगल्ड, अशी अवस्था झाली. सामना जितका लांबे तितकी मैदानात माणसे कमी आणि ही यंत्रे जास्त. पहिल्या आठवड्यातल्या परीक्षणात हे येणार कसे? उलट, क्रमवारीचे सामने आणि खेळाडूंना स्वतःचे नकाशे बनवण्याची साधने प्रकाशनाच्या वेळी नव्हती, ही उणीव समीक्षकांनी नोंदवली आणि ती २०२२ च्या वसंत ऋतूपर्यंत दूर झाली. पहिल्या वाढदिवशी ऑटोमन आणि माली या दोन सत्ता फुकट मिळाल्या. २०२३ मध्ये ‘द सुल्तान्स असेंड’ने बायझंटाइन आणि जपानी सत्ता आणल्या. स्प्रिंगल्डला वेसण घातली गेली. आज दुकानात मिळणारा खेळ आणि ८१ गुण मिळवणारा खेळ यांचे नाव एक आहे, एवढेच.

खेळाडूंची दाद वेगळ्या तऱ्हेने नोंदली जाते. स्टीमवर खरेदीदार ‘शिफारस करतो’ किंवा ‘करत नाही’ एवढेच सांगतो आणि त्याची टक्केवारी निघते. त्यात अलीकडच्या महिन्याभरातले मत वेगळे दाखवले जाते. त्यातही गोम आहेच. रागावलेले ग्राहक झुंडीने येऊन वाईट शेरे देतात. पण किमान तो आकडा जिवंत असतो. खेळ घ्यायचा की नाही हे ठरवताना मी आधी हे अलीकडचे मत पाहतो आणि मग एखादे सविस्तर परीक्षण वाचतो. एकत्रित गुण शेवटी.

या गुणांचे कुणाला काय पडले आहे?

स्टुडिओत काम करणाऱ्यांना. २०१० मध्ये आलेल्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’चे उदाहरण या उद्योगात नेहमी दिले जाते. खेळाचा प्रकार वेगळा, पण मुद्दा तोच. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाल्यास बोनस मिळणार होता. मिळाले ८४. एका गुणाने बोनस हुकला, हे ऑब्सिडियनचे ख्रिस अॅव्हेलोन यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. ज्या सरासरीची वजने गुप्त आहेत तिच्यावर लोकांचे पैसे ठरावेत, हे मला तरी धोकादायक वाटते.

रेलिकचेही पुढे काही गोड झाले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांचा ‘कंपनी ऑफ हीरोज ३’ आला. समीक्षकांनी बऱ्यापैकी गुण दिले, पण स्टीमवर खेळाडूंचा कौल ‘संमिश्र’ राहिला. मे महिन्यात स्टुडिओने १२१ जणांना कामावरून कमी केले. एका खेळालाच त्यासाठी जबाबदार धरणे बरोबर नाही. त्या वर्षी जगभरच्या गेम कंपन्यांत कपात चालू होती. २०२४ मध्ये रेलिक सेगापासून वेगळी होऊन स्वतंत्र झाली. गुण अनुकूल असले म्हणजे नोकरी सुरक्षित, असे मात्र या उद्योगात कुणी म्हणत नाही.

भारताच्या वाट्याला काय आले?

गंमत अशी, की ज्या तिसऱ्या भागावर सर्वाधिक टीका झाली, त्याच्या २००७ च्या ‘द एशियन डायनेस्टीज’ या विस्तारात भारत स्वतंत्र सत्ता म्हणून आला. शिपाई, गुरखे, हत्तीवरचे तोफखाने, आग्य्राचा किल्ला, चारमिनार. भारतीय खेळाडूला गाई-गुरे कापून अन्न मिळवता येत नाही; ती गोठ्यात पाळायची आणि त्यातून अनुभवाचे गुण मिळवायचे. मोहीम १८५७ च्या उठावाची आहे. नायकाचे नाव ‘नानिब साहिर’. हे नाव वाचून मराठी माणसाला बिठूरचे नानासाहेब आठवल्याशिवाय राहत नाहीत, पण व्यक्तिरेखा पूर्ण काल्पनिक आहे. नावाची ही मोडतोड २००७ मध्ये खपून गेली.

२०२० मध्ये त्याच तिसऱ्या भागाची सुधारित आवृत्ती काढताना निर्मात्यांनी अमेरिकेतील मूलनिवासींची नावे बदलली. ‘इरोक्वाय’ऐवजी ‘होडेनोशोनी’, ‘सू’ऐवजी ‘लकोटा’. ‘कलोनिअल एज’चे ‘कॉमर्स एज’ झाले. २००५ च्या परीक्षणांचा भर जहाजाच्या डोलकाठीवर आणि पत्त्यांच्या गड्डीवर होता. लोक स्वतःला काय म्हणवतात, हा मुद्दा पंधरा वर्षांनी निर्मात्यांना स्वतःहून दुरुस्त करावा लागला.

दुसऱ्या भागातही तसेच घडले. तिथे अनेक वर्षे ‘इंडियन्स’ ही एकच संस्कृती होती. जणू काबूलपासून कन्याकुमारीपर्यंत सगळे एकाच पद्धतीने लढत. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ने तिचे नाव ‘हिंदुस्तानी’ केले आणि बंगाली, द्रविड व गुर्जर या तीन संस्कृती जोडल्या. बाबर, देवपाल आणि राजेंद्र चोळ यांच्या मोहिमा आल्या. चौथ्या भागात दिल्ली सल्तनत पहिल्या दिवसापासून आहे आणि २०२५ मध्ये तुघलक घराणेही आले. म्हणजे देवगिरीला राजधानी हलवणारे सुलतान आता खेळायला मिळतात.

मराठ्यांची स्वतंत्र सत्ता मात्र या मालिकेच्या कोणत्याही भागात घेता येत नाही. काळाच्या दृष्टीने ती बसेल तिसऱ्या भागात, आणि त्या भागात ‘डेक्कन’ नावाचा एक नकाशा आहे. तिथे ऑटोमन, डच, पोर्तुगीज असे कुणीही येऊन वस्ती करू शकते.